प्रश्न तुमचे : ‘लहानपणच बरं होतं’ असं वाटतं तेव्हा

या वेळी आलेली बरीच पत्रं बालपणीच्या सुखाच्या ओढीबद्दल आहेत. त्यांतले नऊ प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं लांब होती, त्यामुळे ती मुद्द्यापुरती छोटी केली आहेत.

प्रश्न : वय ४३. काम, घर, माणसं, सगळं ठीक आहे. तरी संध्याकाळी हातातलं आटोपलं की वाटतं, खरं सुख दहाव्या वर्षापर्यंतच होतं. आताचं आयुष्य कोरडं आहे, की लहानपणच मला उगाच गोड आठवतंय?

दोन्ही थोडं थोडं खरं असतं. आधी आठवणीचं पाहू. वाईट प्रसंग लक्षात राहतो, पण त्यातली बोच चांगल्या प्रसंगातल्या आनंदापेक्षा लवकर ओसरते. मानसशास्त्रज्ञांनी हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे आणि निरोगी मन असंच चालतं असं ते मानतात. मन खचलेलं असताना दोन्हींतला हा फरक कमी होतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात आलेला गोळा आज आठवला तरी पोटात काही होत नाही, सुट्टीच्या पहिल्या सकाळचा हलकेपणा मात्र अजून अंगाला जाणवतो. शिवाय साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना काहीच आठवत नाही आणि पुढची दोन-तीन वर्षंही तुटक असतात. म्हणजे ‘दहाव्या वर्षापर्यंतचं सुख’ हे प्रत्यक्षात चार-पाच वर्षांतल्या मोजक्या, चाळून उरलेल्या प्रसंगांचं सुख आहे.

तरीही ‘हा मनाचा खेळ’ म्हणून ते झटकू नका. त्या प्रसंगांत असं काहीतरी आहे जे आज मिळत नाही, आणि ते नेमकं काय आहे हे शोधता येतं.

कागद, पेन आणि १५ मिनिटं घ्या. लहानपणची एकच दुपार निवडा आणि तीच लिहा. इथे बहुतेकजण एका जागी अडखळतात: ‘आम्ही खूप खेळायचो, झाडावर चढायचो, उशिरा घरी यायचो.’ हे ‘-यचो’ आलं की समजा, तुम्ही आठवत नाही आहात, सारांश सांगत आहात. ‘खेळायचो’ खोडा आणि ‘खेळलो’ लिहा. लगेच प्रश्न पडतात: कुणाबरोबर? कुठे? पाय कशाने भरले होते? ऊन कुठून येत होतं? उत्तरं अर्धवट आली तरी चालतील. सारांशाने नुसती हुरहूर वाढते, तपशिलातून काहीतरी हाती लागतं.

मग त्या लिहिलेल्याला चार गोष्टी विचारा. जवळ कोण होतं? वेळ कुणाच्या ताब्यात होता? कुणी मोजत, तपासत, तुलना करत होतं का? आणि कोणती काळजी तुमच्या ऐवजी दुसरं कुणी करत होतं? असं तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या दुपारींबद्दल करा. तिन्हींत जे उत्तर पुन्हा येईल, ओढ त्याची आहे.

पुढचा उपाय त्या उत्तरावर ठरतो. माणसं आली, तर त्या दुपारीत असलेल्या हयात माणसाला त्याच दिवशी फोन करा. ‘साउथॅम्प्टन विद्यापीठा’तल्या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या अभ्यासांत अशी आठवण सर्वांत जास्त वेळा मन उदास वा एकटं असतानाच येते असं दिसलं होतं, अनेकदा बालपण ही हाक असते आणि हवी असतात माणसं. अखंड वेळ आला, तर आठवड्यातून एकदा सलग दोन तास मोकळे ठेवा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार तुकडे नकोत. कुणी मोजत नव्हतं असं आलं, तर खाली छंदाच्या प्रश्नाचं उत्तर वाचा. ‘काळजी दुसरं कुणी करत होतं’ हे उत्तर सर्वांत अवघड आहे, आणि आमच्या मते चाळिशीतल्या बहुतेकांची खरी ओढ हीच असते. ते दिवस परत येत नाहीत, पण अर्धा दिवस येऊ शकतो: महिन्यातून एक दुपार सगळे निर्णय घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यायचे. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, काय खायचं, यांतल्या कशालाच तुम्ही उत्तर द्यायचं नाही. हे आदल्या दिवशी बोलून ठेवा, नाहीतर ‘तूच सांग ना’ म्हणून सगळं पुन्हा तुमच्याच गळ्यात येतं. दुसऱ्या महिन्यात पाळी त्यांची.

एक जपायचं. ज्यांना सतत काळजी करायची सवय आहे, त्यांना आठवणीत रमल्यावर आधी बरं वाटतं आणि नंतर आजची तुलना जास्त टोचते. अशांनी हे लिखाण रात्री झोपण्याआधी करू नये. सकाळी करावं आणि लगेच उठून एखादं कृतीचं काम हातात घ्यावं.

प्रश्न : पंचवीस वर्षांनी लहानपणच्या घरी गेलो. अंगण एवढंसं, जिना बुटका, खोल्या अंधाऱ्या. फार वाईट वाटलं. घर बदललं नव्हतं, मग काय बदललं?

डोळ्यांची उंची. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंटिमीटर असते, म्हणजे डोळे जमिनीपासून एक मीटरच्या थोडे वर. आता ते दीड मीटरच्या वर गेले आहेत. सव्वा मीटरचा कठडा तेव्हा भिंत होता, त्याच्या पलीकडचं जग कल्पनेनं भरावं लागत होतं. आज त्यावर कोपर टेकतं. जिन्याच्या एका पायरीसाठी गुडघा पोटापर्यंत उचलावा लागायचा. मोजमापाची पट्टी तुमचं स्वतःचं शरीर होतं आणि ती पट्टीच लांब झाली.

पुन्हा जाल तेव्हा उभं राहून पाहू नका. उंबऱ्यावर, सर्वांत खालच्या पायरीवर, किंवा जमिनीवर बसा आणि पाच मिनिटं हलू नका. त्या उंचीवरून टेबलाची खालची बाजू, दाराची बिजागरी, फरशीतली चीर दिसते, आणि आठवणी या अशाच गोष्टींना चिकटलेल्या असतात. हाताने कठडा, कडी, खिडकीचा गज चाचपून पाहा. फोटो शेवटी काढा. आधी काढायला लागलात की लक्ष चौकटीकडे जातं. २०१४ च्या एका प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी अख्खे फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या होत्या. आणि घर पाडलं जाणार असेल, तर जाण्याआधी घरी बसून आठवणीतला नकाशा कागदावर काढून ठेवा. एकदा प्रत्यक्ष पाहिलं की जुना नकाशा नव्याखाली झाकला जातो.

प्रश्न : लहानपणी तासन्‌तास चित्रं काढायचे. चाळिशीत उत्तम रंग, जाड कागद आणला. तीन वेळा बसले, मजा आली नाही. ती आवडच गेली का?

आवड गेली असं तीन वेळांवरून ठरवू नका. निदान सहा वेळा बसल्याशिवाय काही ठरवायचं नाही, कारण पहिले तीन-चार प्रयत्न हात आणि नजर यांच्यातल्या भांडणात जातात. लहानपणी जेवढं दिसायचं तेवढंच काढता यायचं. आता नजर चाळीस वर्षांची आहे, तिला चांगलं काय ते कळतं, आणि हात मात्र दहा वर्षांचाच राहिला आहे. या अंतराचाच त्रास होतो आहे.

दुसरी चूक महागड्या सामानाची. जाड कागदाचा एक ताव वाया जाऊ नये म्हणून हात आखडतो. पाठकोरे कागद घ्या, ३० तरी. एक जाडसर पेन्सिल. खोडरबर दुसऱ्या खोलीत, फोन त्याच्याही पलीकडे. ४० मिनिटांत किमान दहा चित्रं काढायची, म्हणजे एकाला चारच मिनिटं. एवढ्या वेळात सुबक काही होतच नाही, त्यामुळे सुबकतेचा हट्ट आपोआप सुटतो. समोर ठेवायला एखादी वेडीवाकडी वस्तू घ्या: चुरगळलेला रुमाल, किल्ल्यांचा जुडगा. झालेली चित्रं कुणाला दाखवायची नाहीत. फोटो काढून पाठवायचा विचार मनात आला तरी चित्रावरचा हात बदलतो, कारण पाहणारा डोळा खोलीत आलेला असतो. दहांपैकी नऊ टाकून द्या आणि एक तारीख घालून फाइलमध्ये ठेवा. सहाव्या वेळी ही सहा पानं शेजारी मांडा.

शरीराच्या खेळांना हेच लागू आहे, फक्त तिथे सांधे बोलतात. याच अंगाने आलेल्या एका पत्रात दोरीवरच्या उड्यांनी नडगी दुखू लागल्याचं लिहिलं आहे, तेही इथेच घेतो. दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवा. दोन्ही मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर. लांब दोरी पायात अडकते आणि ती चुकवायला माणूस उंच उडतो. उडी दोन-तीन सेंटिमीटरची पुरे, दोरी जाण्यापुरती. दोरी मनगटानं फिरवायची, खांद्यानं नाही. सिमेंटवर करू नका. माती, लाकूड किंवा रबराची चटई हवी. पहिले दोन आठवडे २० सेकंद उड्या आणि ४० सेकंद थांबायचं, असे पाचच फेरे, एक दिवसाआड. लहानपणी शंभर उड्या मारत होतो म्हणून पहिल्याच दिवशी शंभर मारल्या की नडगी दुखतेच: दम त्या मानाने लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूबंध सावकाश. दुखणं हाडावर एकाच बिंदूत बोटानं दाखवता येत असेल तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : एखादा वास आला की क्षणात लहानपण उभं राहतं, डोळ्यांत पाणी येतं. गाण्यानं किंवा फोटोनं इतकं होत नाही. का?

बाकी इंद्रियांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून जातात. वासाचा निरोप तिथे न थांबता, भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी जवळजवळ थेट जोडलेला असतो. वासानं जाग्या होणाऱ्या आठवणी बऱ्याचदा दहा वर्षांच्या आतल्या असतात, शब्दांनी किंवा चित्रांनी येणाऱ्या त्यानंतरच्या काळातल्या. प्रयोगांतही असंच दिसलं आहे.

असा वास जपायचा असेल तर ती वस्तू (कापडाचा तुकडा, लाकडाची ढलपी, जुनी वही) घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधारात ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, तिचा स्वतःचा वास मिसळतो. वर्षातून एक-दोनदाच उघडा आणि दोन-तीन श्वासांत बंद करा. रोज हुंगलात तर वास आजच्या दिवसांशी जोडला जाईल आणि जुनी गाठ सैल होईल.

प्रश्न : धाकट्या भावाला आणि मला एकच प्रसंग अगदी वेगळा आठवतो. तो म्हणतो, विहिरीत पडलेला चेंडू त्यानं काढला; मला खात्री आहे की मी काढला. भांडणापर्यंत जातं. कोण बरोबर?

चेंडूचं सांगता येणार नाही, पण तुम्हा दोघांची खात्री हा पुरावा नाही. आठवण जशीच्या तशी ठेवलेली नसते. दर वेळी तुकड्यांतून नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये मांडलं. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांनी २४ जणांना, लहानपणी बाजारात हरवल्याचा न घडलेला प्रसंग घरच्यांनी सांगितलेल्या खऱ्या प्रसंगांत मिसळून दिला. त्यांतल्या सहा जणांना तो पूर्ण किंवा थोडा तरी ‘आठवला’. भावंडांमध्ये तर एकानं शंभरदा सांगितलेला प्रसंग दुसऱ्याला आतून दिसू लागतो. ‘दादानं काढला’ आणि ‘मी काढला’ यांत एका शब्दाचा फरक आहे आणि दोघंही काठावर उभे होते.

यापुढे बोलायच्या आधी लिहा. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत दहा मिनिटं, एकमेकांना न विचारता. मग कागद बदला. जे दोघांच्या कागदावर सारखं आहे त्याला एक खूण करा. जे एकाच्याच कागदावर आहे ते चूक समजू नका, ते त्यानं उभ्या असलेल्या जागेवरून पाहिलेलं असू शकतं. तुमची आठवण स्वतःच्या डोळ्यांतून दिसते की तुम्ही स्वतःला बाहेरून पाहता, हेही लिहा. बाहेरून दिसणारं चित्र नंतर रचलेलं असण्याची शक्यता तपासून पाहण्यासारखी असते, अर्थात त्यावरून निकाल लागत नाही.

प्रश्न : आईच्या कपाटात जुने फोटो आणि कॅसेट सापडल्या. काही फोटो चिकट अल्बममध्ये अडकलेत, एक फ्रेमच्या काचेला चिकटलाय. कुठून सुरुवात करू?

आईपासून. फोटो टिकतील, पण त्यातली नावं सांगणारं माणूस नेहमी राहत नाही. एका बैठकीत आठ-दहा फोटो, पाऊण तासापेक्षा जास्त नाही, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत. ‘हे कोण?’ एवढंच विचारू नका. ‘फोटो कुणी काढला?’, ‘चौकटीच्या बाहेर कोण उभं होतं?’, ‘हे झाल्यावर सगळे कुठे गेले?’ हे विचारलं की बंद पडलेलं बोलणं सुरू होतं. प्रत्येक फोटोआधी त्याचा क्रमांक मोठ्यानं म्हणा, नाहीतर रेकॉर्डिंग आणि फोटो यांची जोडी नंतर लागत नाही.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. वरचा थर काचेवर राहतो आणि चेहरा जातो. तो काचेसकट स्कॅन करा. चिकट अल्बममधल्या फोटोमागून दात स्वच्छ करायचा पातळ धागा करवतीसारखा हळूहळू सरकवा. एका कोपऱ्यापासून सुरुवात आणि धागा पानाच्या बाजूला दाबलेला, फोटोच्या बाजूला नाही. अडलं तर थांबा आणि पान आहे तसं स्कॅन करा. केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा मारू नका, डिंक फोटोत मुरतो आणि कागद वाकडा होतो.

स्कॅनरची काच आधी कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. १०×१५ सेंटिमीटरच्या फोटोला ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके) पुरे: साधारण २४००×३६०० पिक्सेल, टिफ फाइल २६ एमबीच्या आसपास. पाठवण्यासाठी वेगळी जेपेग प्रत करा, मूळ टिफला हात लावू नका. रंग सुधारायचे तेही प्रतीवरच. फाइलच्या नावात वर्ष, क्रमांक आणि माणूस. वर्ष नक्की नसेल तर ‘१९८०चं दशक’ असं लिहा, अंदाजाचं वर्ष पुढच्या पिढीला खरं वाटतं. प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरी.

मूळ फोटो कडेनं धरा. मागे बॉलपेननं लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलनं, कडक सपाट जागेवर ठेवून, हलक्या हातानं. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालण्याआधी. पाकिटं आम्लरहित कागदाची किंवा पॉलिप्रॉपिलिनची. ज्या प्लॅस्टिकला उग्र वास येतो ते बहुधा पीव्हीसी, ते नको. डबा माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको. घरातली मधली खोली, जमिनीपासून वर. निगेटिव्हना आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्या लगेच वेगळ्या करा, ती झीज शेजारच्या निगेटिव्हपर्यंत पसरते.

कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे आधी मोडा, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा; वर्षानुवर्षं पडलेली फीत कुठे घट्ट, कुठे सैल झालेली असते. प्लेअरचं हेड (फीत ज्याला घासून जाते तो भाग) आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीनं पुसून वाळू द्या. फितीवर पांढरट बुरशी दिसली तर ती वाजवू नका, प्लेअर आणि पुढच्या सगळ्या कॅसेट दूषित होतात. ते काम जाणकाराचं. संगणकावर उतरवताना ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. गाण्यांच्या मधे कुणी खोकलं असेल, दार वाजलं असेल, ते कापू नका.

प्रश्न : लहानपणची आठवण काढून मी रोज रडते. हा आजार आहे का?

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्दच आजाराचं नाव म्हणून जन्मला. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ मध्ये बाझल इथल्या आपल्या प्रबंधात, घरापासून दूर असलेल्यांच्या व्याधीसाठी, घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला. आज ती सर्वसामान्य भावना मानतात, आणि कधीतरी डोळे भरून येणं काळजीचं नाही. पण तुम्ही ‘रोज’ लिहिलं आहे. दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसाचा बराचसा भाग मन उदास, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली, कामात लक्ष लागत नाही, असं असेल तर हा प्रश्न बालपणाचा राहत नाही. नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना या आठवड्यात भेटा. जगणं नको असं मनात येत असेल तर आजच जवळच्या माणसाला सांगा, आणि डॉक्टरांकडे जाताना त्यालाच बरोबर न्या.

प्रश्न : माझं बालपण सुखाचं नव्हतं. घरात मारहाण होती. सगळे ‘ते दिवस’ म्हणत हळवे होतात तेव्हा मी गप्प बसतो. मी काय आठवू?

काहीही आठवायची सक्ती नाही. ‘तरी काहीतरी चांगलं असेलच’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचीही नाही. वर दिलेला १५ मिनिटांचा लिखाणाचा प्रकार तुम्ही एकट्यानं करू नका. मारहाणीच्या आठवणी तपशिलात जागवायच्या तर समोर प्रशिक्षित समुपदेशक हवा, कारण अशी आठवण कधीकधी आठवणीसारखी न येता आत्ता घडत असल्यासारखी येते. तसं झालं तर दोन्ही पाय जमिनीवर दाबा, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं म्हणा, आजची तारीख आणि तुमचं आजचं वय म्हणा.

गप्पांमध्ये ‘माझं वेगळं होतं’ एवढं म्हणून विषय बदलता येतो. आणि हळवं व्हायला बालपणच लागतं असं नाही. चाळिशीपुढच्या माणसांना विचारलं तर सर्वांत जास्त आठवणी साधारण १० ते ३० या वयांतल्या निघतात. घराबाहेर पडल्यावरची पहिली खोली, पहिली स्वतःची किल्ली, कुलूप आतून लावता येणारं पहिलं दार, हे तुमचे ‘ते दिवस’ असू शकतात.

प्रश्न : मुलांना माझ्यासारखं बालपण द्यायचं म्हणून जुने खेळ शिकवतो. दहा मिनिटांत कंटाळतात.

खेळ तोच आहे, पण तेव्हा तिथे वडील उभे नव्हते. नियम पाच मिनिटांत सांगा, एक डाव बरोबर खेळा आणि उठून जा, हाकेच्या अंतरावर पण नजरेआड. मुलं नियम मोडतील, भांडतील, स्वतःचे नियम करतील. जखम होणार नसेल तर मधे पडू नका. दोनच मुलं असतील तर तिसरं-चौथं बोलवा, बरेचसे जुने खेळ चार-सहा जणांशिवाय रंगत नाहीत. निदान दीड तास द्या, कारण पहिला अर्धा तास ‘काय करायचं’ यातच जातो आणि नेमकं तेव्हाच मोठी माणसं कंटाळून फोन हातात देतात.